तोंड दाबून बुक्क्यांचा मार: सिगारेट, हिरड्या आणि लाळ

ब्रश करून चूळ टाकली आणि पाण्यात लालसर छटा दिसली, की माणूस चपापतो. आरशात वाकून बघतो, दोन दिवस जरा जपून ब्रश करतो, आणि तरीही थांबलं नाही तर नाइलाजाने का होईना, डेंटिस्टची वेळ घेतो. हिरड्यांनी मारलेली ही हाक आहे आणि ती बहुतेकांना ऐकू येते. सिगारेट ओढणाऱ्यांची पंचाईत अशी, की त्यांच्या हिरड्या ही हाकच नीट मारत नाहीत. आत हाड झिजत असतं, दाताची पकड सुटत असते, आणि वरून हिरडी फिकट, घट्ट, अगदी शहाण्यासारखी दिसते. रक्त नाही, फारशी सूज नाही, दुखणंही नाही. नुसतं ‘सिगारेट वाईट’ म्हणून इथे भागत नाही. तेवढं तर पाकिटावरही छापलेलं असतं. हाक का बंद होते आणि मग आतली बातमी कुठून काढायची, हे कळायला हवं.

आधी दात कशावर उभा असतो ते पाहू. तो हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट असते, आणि त्या फटीत कोलॅजनच्या असंख्य बारीक तंतूंनी दात झोळीत टांगावा तसा टांगलेला असतो. आपण चावतो तेव्हा तो किंचित दबतो आणि परत वर येतो. या सगळ्यावर हिरडी कॉलरसारखी घट्ट बसलेली असते. कॉलर आणि दात यांच्यात जी खाच राहते, तिची खोली निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते. पुढचं सगळं महाभारत या खाचेत घडतं.

खाचेच्या तोंडाशी जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, सतत साचत असतो. वेळेत निघाला नाही तर तो कडक होऊन त्याचं कीटण बनतं. शरीर तिकडे पांढऱ्या पेशी धाडतं, रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल होते, सुजते, जरा धक्का लागला की रक्त येतं. हा जिंजिव्हायटिस. सफाई नीट झाली तर तो पूर्ण बरा होतो. पण दाह तसाच राहिला तर काही जणांमध्ये तो खाली उतरतो. झोळीचे तंतू तुटतात, हाड मागे सरकतं आणि खाचेचा खिसा होतो. डॉक्टरही त्याला पॉकेटच म्हणतात. हा झाला पेरिओडॉन्टायटिस, जुन्या बोलीत पायरिया. यात गेलेलं हाड आपण होऊन परत येत नाही.

पॉकेट मोजायला मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती अलगद आत सरकवून खोली वाचतात. २८ दात असतील तर १६८ आकडे. कंटाळवाणं काम आहे, पण धूर ओढणाऱ्याच्या तोंडात खरं काय चाललंय ते या कंटाळवाण्या आकड्यांतूनच कळतं. शिवाय प्रोब बाहेर काढल्यावर तिथे रक्त येतं का, हेही नोंदवतात. गडबड होते ती या दुसऱ्या नोंदीत.

रक्त कुठे गेलं?

निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हिरड्यांतून रक्त येत नाही, असं सोपं उत्तर बरीच वर्षं दिलं गेलं. ते अर्धंच बरोबर आहे. प्रत्यक्ष सिगारेट ओढत असताना हिरडीतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा काही प्रयोगांत तो घटण्याऐवजी थोडा वाढलेला सापडला, कारण निकोटीनमुळे रक्तदाबही वर जातो. म्हणजे एका झुरक्याने नळ बंद होतो असं नाही. खरा परिणाम रोजच्या सवयीचा आहे. दाह झालेल्या हिरडीत एरवी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यामुळेच हिरडी लालभडक, रक्ताळलेली दिसते. वर्षानुवर्षं धूर घेणाऱ्याच्या हिरडीत हा प्रतिसादच दबलेला असतो. जंतू तेवढेच, कीटण तेवढंच किंवा जास्त, पण हिरडीतला गाजावाजा कमी. खाचेतून एरवी झिरपणारा द्रवही अशांच्या तोंडात कमी भरतो.

याचा उलटा पुरावा फार बोलका आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सिगारेट सोडणाऱ्या २७ जणांच्या हिरड्या तपासल्या होत्या. सोडण्याआधी साधारण १६ टक्के जागी प्रोब लावल्यावर रक्त येत होतं. चार ते सहा आठवड्यांनी ते प्रमाण ३२ टक्क्यांवर गेलं. आणि या काळात त्यांची तोंडाची सफाई बिघडली नव्हती, उलट थोडी सुधारली होती! नवा आजार झाला नव्हता. दाबून धरलेलं तोंड मोकळं झालं होतं, इतकंच.

तंबाखू आणि हिरड्यांचा संबंध काही काल-परवा लागलेला शोध नाही. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी १९४७ मध्येच हिरड्यांना व्रण पाडणाऱ्या एका उग्र आजाराशी तंबाखूचा संबंध दाखवला होता. पण त्यानंतरही बरीच वर्षं, धूम्रपान करणारे लोक दात नीट घासत नाहीत म्हणून त्यांच्या हिरड्या बिघडतात, असं समजलं जाई. दोष सवयीचा नाही, आळसाचा! पुढे सफाईचा हिशेब वजा करूनही फरक उरतोच, हे पुन्हा पुन्हा दिसलं, तेव्हा कुठे हा समज मागे पडला.

फरक किती, याचा सगळ्यात गाजलेला आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून आला. १९८८ ते १९९४ या काळात तपासलेल्या बारा हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचं विश्लेषण २००० मध्ये प्रसिद्ध झालं. कधीच सिगारेट न ओढलेल्यांच्या तुलनेत, सध्या ओढणाऱ्यांना पेरिओडॉन्टायटिस असण्याची शक्यता साधारण चौपट निघाली. दिवसाला ९ पर्यंत ओढणाऱ्यांत ती पावणेतीन पटीच्या आसपास, तर ३१ किंवा त्याहून जास्त ओढणाऱ्यांत जवळपास सहापट. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो, ही गोष्ट कारण आणि परिणामाचं नातं पक्कं करणारी असते. ‘मी दिवसाला चारच ओढतो’ म्हणणाऱ्यांनी तो पावणेतीन पटीचा आकडा पुन्हा वाचावा.

कुंपणच शेत खातं

पांढऱ्या पेशींमधला न्यूट्रोफिल हा खाचेतला पहारेकरी. तो रक्तातून निघतो, जंतूंचा माग काढत खाचेपर्यंत येतो आणि त्यांना गिळतो. धुरातल्या द्रव्यांमुळे त्याची माग काढण्याची आणि गिळण्याची ताकद मंदावते. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण हाच पहारेकरी बावचळून आपल्याजवळची हत्यारं, म्हणजे इलॅस्टेज आणि कोलॅजनेजसारखी प्रथिनं तोडणारी एन्झाइम, वाटेतच फेकत सुटतो. जंतूंना त्याचा त्रास कमी आणि झोळीच्या तंतूंना जास्त. शेताची राखण करायला घातलेलं कुंपणच शेत खायला लागतं.

एरवी तुटलेले तंतू नव्याने विणणाऱ्या पेशीही असतात, फायब्रोब्लास्ट. निकोटीन दाताच्या मुळाच्या पृष्ठभागावर बसतं, आणि या पेशींना तिथे धड चिकटता येत नाही. त्यांचं कोलॅजन तयार करण्याचं कामही रोडावतं. डॉक्टरांनी मुळापर्यंत सफाई केली, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग केलं, तरी धूम्रपान करणाऱ्यांची पॉकेट इतरांइतकी भरून येत नाहीत, त्यामागचं एक कारण हे. हाडात बसवलेले कृत्रिम दात, म्हणजे इम्प्लांट, निकामी होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं. उपचार तेच, हात तेच, पण जमीन धरत नाही.

हाडाचं गणित आणखी वेगळं. हाडात दोन प्रकारचे निरोप सतत फिरत असतात. एक सांगतो, जुनं हाड खा. त्याचं नाव रँकल. दुसरा त्याला आवर घालतो. त्याचं नाव ऑस्टिओप्रोटेजेरिन. धूम्रपान करणाऱ्यांत आवर घालणाऱ्याचं प्रमाण घटलेलं आढळतं, आणि तराजू हाड खाणाऱ्या बाजूला झुकतो.

जंतूंचं मात्र चांगलंच फावतं. धुरामुळे खाचेतला प्राणवायू आणखी कमी होतो, आणि पेरिओडॉन्टायटिसमधले कुप्रसिद्ध जंतू नेमके प्राणवायूशिवाय जगणारे आहेत. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला या तिघांना १९९८ पासून एकत्रितपणे ‘रेड कॉम्प्लेक्स’ म्हटलं जातं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. कमी हवेत, कमी पहाऱ्यात त्यांची वस्ती वाढते, एवढं पुरे.

आता लाळ

लाळ म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण तोंडात ती नसेल तर चार घास गिळणं मुश्कील, आणि चार महिन्यांत दातांची वाट लागेल. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ बनते. तिच्यात ९९ टक्के पाणी, आणि उरलेल्या एका टक्क्यात सगळी करामत: आम्ल शमवणारं बायकार्बोनेट, दातांच्या डागडुजीसाठी कॅल्शियम आणि फॉस्फेट, जंतूंना आवरणारे लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, पेरॉक्सिडेज, आयजीए हे प्रतिपिंड, आणि धुराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे अँटिऑक्सिडंट, ज्यांत यूरिक अॅसिडचा वाटा सगळ्यात मोठा.

सिगारेट ओढताना धुराची सगळ्यात पहिली गाठ पडते ती लाळेशी. फुप्फुस नंतर, रक्त त्याहून नंतर. धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली बरीचशी आधी या पातळ थरात विरघळतात. त्या क्षणी तोंडाला पाणी सुटतं, त्यामुळे ओढणाऱ्याला लाळ वाढल्यासारखी वाटते. दीर्घकाळात मात्र बऱ्याच अभ्यासांत उलटं दिसतं: प्रवाह कमी, लाळ दाट, आम्लता थोडी जास्त. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाची लाळ मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर वाहते, ती ०.१ च्या खाली गेली की तोंड कोरडं पडल्याचं निदान होतं. सिगारेट ओढणारा प्रत्येक जण तिथवर पोचत नाही. पण धार बारीक झाली की धुण्याचं काम मंदावतं.

मला स्वतःला या सगळ्यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वाटते ती पेरॉक्सिडेजची. लाळेतलं हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थायोसायनेट यांची जोडी जमवून हायपोथायोसायनाइट नावाचं जंतुरोधक द्रव्य बनवतं. आता गंमत बघा. धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. यकृत या विषाची धार काढून टाकायला त्याचं थायोसायनेट करतं, आणि ते लाळेत उतरतं. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याच्या लाळेत या जंतुरोधकाचा कच्चा माल इतरांपेक्षा जास्त असतो. मग त्याची लाळ अधिक तिखट हवी की नाही? नाही, कारण धुरातली द्रव्यं खुद्द पेरॉक्सिडेजलाच जखडून टाकतात. प्रयोगात एकाच सिगारेटनंतर त्याची ताकद झपाट्याने उतरलेली दिसली आहे. माल गोदामात पडून आणि कारखान्याला टाळं.

लाळेतल्या खुणा कशा वाचायच्या

इंग्रजीत ज्यांना मार्कर म्हणतात त्या खुणा लाळेत तीन तऱ्हेच्या असतात, आणि त्यांची सरमिसळ केली की गोंधळ होतो.

पहिली तऱ्हा म्हणजे धुराची हजेरी. निकोटीन रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं, म्हणून ते मोजून फारसं हाती लागत नाही. यकृत त्याचा बराचसा भाग कोटिनिनमध्ये बदलतं, आणि कोटिनिन निम्मं व्हायला १६ ते १८ तास लागतात. म्हणून लाळेतलं कोटिनिन हा खात्रीचा साक्षीदार. रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या लाळेत ते मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या आसपास असू शकतं. १२ ते १५ च्या वर आकडा असला की माणूस बहुधा धूम्रपान करतो असं धरलं जातं. घरातल्या दुसऱ्याच्या धुरात बसणाऱ्यांच्या लाळेतही कोटिनिन थोडं सापडतं, आणि अशा लोकांमध्येही हिरड्यांचे आजार जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण कोटिनिनला एक गोष्ट कळत नाही: निकोटीन आलं कुठून. सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनचा पॅच किंवा च्युइंग गम वापरणाऱ्याच्या लाळेतही ते मिळणारच. तिथे थायोसायनेट किंवा श्वासातला कार्बन मोनॉक्साइड उपयोगी पडतो, कारण पॅचमध्ये धूर नसतो. थायोसायनेट शरीरात एक-दोन आठवडे रेंगाळतं, त्यामुळे जुनी हकिगत तेच सांगतं. मात्र काही भाज्यांमधूनही ते येतं, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवत नाहीत.

दुसरी तऱ्हा म्हणजे संरक्षणाचा साठा: पेरॉक्सिडेज, अँटिऑक्सिडंट क्षमता, आयजीए. पेरॉक्सिडेजबद्दल वर सांगितलंच. आयजीएबाबत अभ्यास एकमुखी नाहीत.

तिसरी तऱ्हा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात फसवी: मोडतोडीच्या खुणा. दाह पेटवणारं इंटरल्यूकिन-१ बीटा, न्यूट्रोफिलमधून येणारं आणि कोलॅजन तोडणारं एमएमपी-८, पेशींच्या डीएनएला इजा झाल्याचं सांगणारं ८-ओएचडीजी. पेरिओडॉन्टायटिस असलेल्यांच्या लाळेत हे सहसा वाढलेले असतात. एमएमपी-८ साठी तर दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या, पाच-दहा मिनिटांत होणारी पट्टीची चाचणीही निघाली आहे. मग सिगारेट ओढणाऱ्यांत आकडे सगळ्यात वर असतील असं वाटेल. पण काही अभ्यासांत त्यांच्या लाळेतलं एमएमपी-८ इतर रुग्णांपेक्षा कमी भरलं. खाचेतून झिरपणारा द्रवच कमी, दाहाचा प्रतिसादच दबलेला. मग लाळेपर्यंत निरोप पोचणार तरी कसा? जे रक्ताचं झालं तेच या खुणेचं. म्हणून धूम्रपान करणाऱ्याची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून सुटलो असं समजू नये. चाचणी प्रोबच्या जोडीला चालते, प्रोबच्या ऐवजी नाही.

आणखी एक मेख आहे. लाळेचा प्रवाह कमी झाला तर तेवढाच ऐवज कमी पाण्यात येतो आणि दर मिलिलिटरचा आकडा फुगतो. वाढलं ते द्रव्य की घटलं ते पाणी, हे प्रवाह मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून नमुना घेण्याचेही नियम असतात: आधी तासभर खाणं, पिणं, ब्रश आणि अर्थातच सिगारेट बंद; मान पुढे झुकवून पाच मिनिटं लाळ आपसूक भांड्यात पडू द्यायची, थुंकायची नाही; आणि पुढच्या वेळी नमुना त्याच सुमाराला, कारण लाळेचा प्रवाह दिवसात चढतो-उतरतो. वर्तमानपत्रात ‘लाळेतून ओळखा आजार’ अशी बातमी आली की हे नियम तिथे सहसा नसतात.

सोडल्यावर

कोटिनिनचा हिशेब कागदावर करता येतो. ३०० पासून सुरुवात केली तर दर १७ तासांनी निम्मं: १५०, ७५, ३८, १९, ९. साडेतीन दिवसांत साक्षीदार गप्प. हिरड्याही वाट पाहत नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिगारेट सोडल्यावर तिसऱ्या दिवशी हिरडीतला रक्तप्रवाह वाढलेला दिसला आणि पाचव्या दिवशी खाचेतला द्रव. जंतूंची वस्ती बदलायला मात्र महिने लागतात, सहा ते बारा. हाडाची झीज मंदावते, पण गेलेलं हाड परतत नाही. अमेरिकेच्या त्याच पाहणीत, सिगारेट सोडून ११ वर्षं झालेल्यांचा धोका कधीच न ओढलेल्यांच्या जवळपास आलेला होता. सोडून दोनच वर्षं झालेल्यांचा मात्र अजून तिपटीच्या आसपास होता. जखम जुनी असली की खपली पडायला वेळ लागतो.

डेंटिस्टसमोर बसल्यावर दिवसाला किती ओढता हे विचारलं जातं, तेव्हा बरेच जण आकडा निम्म्यावर आणतात. २०१८ पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात पेरिओडॉन्टायटिस किती वेगाने वाढेल याची ‘ग्रेड’ ठरवतात. रोज १० पेक्षा कमी सिगारेटी असतील तर किमान बी, १० किंवा जास्त असतील तर थेट सी, म्हणजे सगळ्यात वेगवान. तपासण्या किती महिन्यांनी करायच्या, उपचारांकडून काय अपेक्षा ठेवायची, हे त्यावर बेततात. तिथे आकडा चोरला तर फसगत डॉक्टरांची होत नाही. आपण उलट त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: माझी सगळ्यात खोल पॉकेट किती मिलिमीटर आहेत, आणि एक्स-रेमध्ये हाड कुठवर आहे. रक्त येतं की नाही, हा प्रश्न तिसरा.

आणि सोडल्यावर महिनाभरात चूळ लाल दिसायला लागली, तर घाबरून पुन्हा पाकीट उघडणारे लोक असतात. ‘ओढत होतो तेव्हा हिरड्या ठणठणीत होत्या’ हे वाक्य दवाखान्यांना नवीन नाही. ते रक्त जुन्याच दाहाचं असतं. आता ते दिसतंय, एवढाच बदल. अशा वेळी ब्रश थांबवायचा नाही, उलट दोन दातांमधली फट रोज साफ करायची, खाली दडलेलं कीटण काढून घ्यायचं आणि पॉकेट पुन्हा मोजायला सांगायची. कीटण निघालं की बहुतेक ठिकाणचं रक्त दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. जिथे ओसरत नाही, तिथे प्रोबचा आकडा सहसा ५ च्या पुढचा निघतो, आणि खरं काम त्या जागी करायचं असतं.